मीठबंदर का फुटलं? एका शहराच्या पक्षांतराचा प्रकरण अभ्यास

आमच्या संगणकावरच्या गेमच्या चाचणी डावात, 84व्या टर्नला (पाळीला), मीठबंदर हे शहर फुटलं. निळ्यांचं शहर पिवळ्यांचं झालं आणि आत उभी असलेली सहा युनिट्स (फौजेच्या तुकड्या) नकाशावरून नाहीशी झाली. त्यांत वेढ्याची दोन यंत्रं होती. ती बांधायला निळ्या खेळाडूला अकरा टर्न लागले होते. त्यानं माउसवरचा हात काढला, खुर्ची मागं सरकवली आणि मला विचारलं, "माझं चुकलं काय, तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही. गेम मी आणि माझे दोन मित्र मिळून बनवतोय. शहर फुटण्याचा नियम माझ्याच हातचा. तरीही स्क्रीनकडे बघून मला उत्तर देता येईना. मी लॉग फाइल उघडली, आकडे शोधले, गुणाकार-भागाकार केला आणि चारेक मिनिटांनी म्हणालो, "तुझ्या आजूबाजूची सात घरं त्यांच्याकडे गेली होती, म्हणून." तोवर त्यानं गेम बंद केला होता.

त्या चार मिनिटांवर आम्ही पुढचे कित्येक महिने काम केलं. हे लेखन त्याच एका शहराबद्दल आहे: ते का फुटलं, फुटणं चूक होतं की फुटण्याची रीत चूक होती, आणि तोच डाव 71व्या टर्नपासून पुन्हा खेळवला तेव्हा काय दिसलं.

डाव कसा होता

गेम टर्नवर चालणारा आहे. षट्कोनी घरांचा नकाशा, 150 टर्न, दोन ते चार खेळाडू. प्रत्येक शहराभोवती दोन घरांपर्यंतचा परिसर असतो, म्हणजे शहर धरून 19 घरं. मीठबंदर निळ्यांनीच वसवलेलं होतं, जिंकून घेतलेलं नव्हतं. हे महत्त्वाचं आहे, कारण जिंकलेलं शहर परत फिरलं तर खेळाडूला ते समजू शकतं. स्वतः वसवलेलं, पहिल्या दिवसापासून आपलं असलेलं शहर शेजाऱ्याकडे निघून गेलं की ते जिव्हारी लागतं. शहरात आठ नागरिक होते. पाच निळ्या मुळाचे आणि तीन पिवळ्या मुळाचे, सीमा ओलांडून आलेले.

फुटण्याचा नियम आम्ही सिव्हिलायझेशन 3 वरून घेतला होता. 2001 साली आलेल्या त्या गेमनं संस्कृती ही गोष्ट नकाशावर आणली आणि रणगाडा न पाठवता शहर जिंकता येतं हे लाखो खेळाडूंना दाखवून दिलं. त्याचं ऋण या प्रकारावर अजून आहे. देऊळ, ग्रंथालय, विद्यापीठ यांच्यातून दर टर्नला संस्कृती साठत जाते. ठरावीक आकडे ओलांडले की शहराची सीमा फुगते. सीमेवरच्या शहराबाबत गेम दर टर्नला गुपचूप फासे टाकतो. शहरात परके नागरिक किती, शहराच्या 21 घरांपैकी किती शेजाऱ्याच्या ताब्यात, दोन्ही साम्राज्यांच्या एकूण संस्कृतीचं गुणोत्तर काय, शहरात गोंधळ माजलाय की उत्सव चाललाय, राजधान्या किती लांब, हे सगळं मिळून एक शक्यता निघते. शिबंदीतली, म्हणजे शहरात तैनात फौजेतली, युनिट्स त्यातून वजा होतात. फासा उलटा पडला की शहर जातं आणि शिबंदीही जाते.

आमच्या नियमात याचंच सुटसुटीत रूप होतं. परके नागरिक तीन आणि परकी घरं सात, मिळून दहा. पिवळ्यांची साठलेली संस्कृती 2,400 आणि निळ्यांची 1,600, म्हणजे दीडपट. दहा गुणिले दीड, पंधरा. शिबंदीची सहा युनिट्स वजा, उरले नऊ. अंतराचा भाजक तीन. दर टर्नला 3 टक्के.

3 टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ही परिस्थिती 71 ते 83 अशी तेरा टर्न जशीच्या तशी होती, आणि दर टर्नला 3 टक्के असेल तर तेरा टर्नांत शहर फुटण्याची शक्यता 33 टक्क्यांच्या जवळ जाते. तेवीस टर्नांत ती 50 टक्क्यांवर जाते. निळा खेळाडू तेरा टर्न या आकड्यावर बसून होता आणि त्याला तो दिसत नव्हता. पाणी कुठं मुरतंय हे घरमालकाला कळू नये अशीच जणू आम्ही बांधणी केली होती.

काय दुखलं

पहिल्या बैठकीत आम्ही तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. एकाचं म्हणणं, आकडा दाखवा म्हणजे झालं. दुसऱ्याचं म्हणणं, युनिट्स मारू नका, बाकी ठीक आहे. मला वाटत होतं की आकडाच चुकीच्या गोष्टी मोजतोय. तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पण ते एकाच वेळी सुटणारे प्रश्न नव्हते.

युनिट्सचा मुद्दा सरळ आहे. शहर गेलं ते एक नुकसान, फौज गेली ते दुसरं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा मोठं. तेलही गेलं, तूपही गेलं. त्यात शिबंदी हाच बचाव असल्यानं खेळाडू जितका सावध, तितका त्याचा तोटा मोठा. सिव्हिलायझेशन 3 खेळणाऱ्यांनी यावर आपापले तोडगे काढले होते. जिंकलेल्या शहरात एखादंच जुनं युनिट ठेवायचं आणि खरी फौज बाहेरच्या घरावर उभी करायची. नाहीतर शहर जिंकल्याबरोबर जाळूनच टाकायचं, म्हणजे फुटायला काही शिल्लकच राहत नाही. मला यातली दुसरी सवय फार अस्वस्थ करते. संस्कृतीला किंमत मिळावी म्हणून केलेला नियम खेळाडूला शहरं बेचिराख करायला शिकवत असेल, तर तो नियम स्वतःच्याच हेतूच्या विरोधात उभा आहे.

आकडा लपलेला असण्याचा मुद्दाही समजण्यासारखा आहे. तिसरा मुद्दा मात्र मला तेव्हा नीट मांडता आला नाही. तो मांडता आला तो गेमच्या बाहेरच्या एका गोष्टीमुळे.

1921च्या डिसेंबरमध्ये शोप्रोन या शहरात आणि आजूबाजूच्या गावांत सार्वमत झालं. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा हा पट्टा ऑस्ट्रियाला द्यायचा ठरला होता. शहरात जर्मन बोलणारे लोक मोठ्या संख्येनं होते. भाषा बघितली तर ते ऑस्ट्रियाकडे जायला हवेत. सुमारे 65 टक्के मतं हंगेरीला पडली आणि शोप्रोन आजही हंगेरीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 1920च्या जुलैमध्ये, जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांताच्या दक्षिण भागात, जर्मनी की पोलंड, असंच मतदान झालं. तिथले माझुरियन लोक पोलिश वळणाची बोली बोलत, आणि तरी त्यांच्यासह तिथल्या जनतेनं प्रचंड बहुमतानं जर्मनीच्याच बाजूनं कौल दिला. धर्म, बाजारपेठ, युद्धाची भीती, कोणाच्या राज्यात आपलं बरं चालेल याचा हिशेब, अशा कितीतरी गोष्टी भाषेच्या आड उभ्या होत्या.

म्हणजे आपण कोणासारखे आहोत आणि आपण कोणाचे आहोत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या सूत्राचा आकडा पहिला प्रश्न मोजत होता आणि उत्तर दुसऱ्याचं देत होता. निळ्या खेळाडूला कारण सांगताना मी अडखळलो ते याच्यामुळं. "तुझ्या आजूबाजूची सात घरं त्यांच्याकडे गेली होती" हे कारणच नव्हे. ती एक मोजणी होती.

दुसऱ्यांनी काय केलं

नवं काही लिहिण्याआधी आम्ही जुने मार्ग नीट तपासले, आणि शक्य तेवढे आमच्या डावात घालून 71व्या टर्नपासून खेळवून पाहिले.

2005चा सिव्हिलायझेशन 4 संस्कृती घरागणिक साठवतो. प्रत्येक घरावर कोणाची किती संस्कृती जमा झाली याची नोंद असते आणि ज्याची जास्त त्याचं ते घर. शहराच्या स्वतःच्या घरावर परकी संस्कृती वरचढ झाली की बंडाची शक्यता सुरू होते. पहिल्या बंडानं शहर जात नाही, ती ताकीद असते. पुरेशी शिबंदी असेल तर शक्यता शून्यावर येते. ही सुधारणा मोठी होती. ताकीद मिळते, कारण दिसतं, उपाय हातात असतो. आम्ही तशी शिबंदी आमच्या डावात आणली आणि निळ्या खेळाडूनं पहिल्या ताकिदीनंतर मीठबंदरमध्ये दहा जुनाट भालेकरी आणून कोंबले. विषय संपला. पुढचे साठ टर्न ते दहा भालेकरी तिथंच उभे राहिले आणि पिवळ्याची सगळी संस्कृती शेजाऱ्याला बसणारा एक बारीकसा कर होऊन राहिली.

2010च्या सिव्हिलायझेशन 5 मध्ये सुरुवातीला शहरं फुटतच नव्हती. 2013च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारात ती वाट पुन्हा उघडली, पण फार वेगळ्या ठिकाणी: उत्तरार्धात विचारसरणी निवडली की परक्या संस्कृतीच्या प्रभावामुळं आपल्याच लोकांचं मत आपल्या विरोधात जातं, आणि नाराजी खूप खोल गेली की शहरं दुसऱ्याकडे जाऊ शकतात. कल्पना चांगली आहे, पण आमच्या 84व्या टर्नच्या सीमेवरल्या बंदराला तिचा उपयोग नव्हता.

सिव्हिलायझेशन 6 च्या राइज अँड फॉल या 2018च्या विस्तारावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. तिथं प्रत्येक शहराला 0 ते 100 अशी निष्ठा असते आणि ती सगळ्यांना दिसते. नऊ घरांच्या आतली लोकसंख्या शहरावर दाब टाकते, दर घरामागं तो 10 टक्क्यांनी कमी होतो. सुवर्णयुगात असलेल्याचा दाब दीडपट, अंधारयुगात असलेल्याचा निम्मा. गव्हर्नर नेमला की दर टर्नला आठची भर. निष्ठा शून्यावर आली की शहर थेट शेजाऱ्याकडे न जाता आधी मुक्त शहर होतं. हा मधला थांबा मला फार आवडतो. शहराला क्षणभर का होईना, स्वतःचं अस्तित्व मिळतं. निष्ठा किती टर्नांत संपेल हेही दिसतं, त्यामुळं "मला कळलंच नाही" ही तक्रार उरत नाही.

पण त्या पद्धतीत दोन अडचणी आम्हाला भोवल्या. पहिली घसरगुंडीची. एक शहर फुटलं की त्यातले नागरिक लगेच पुढच्या शहरावर उलटा दाब टाकू लागतात. ते फुटलं की त्याच्या पुढचं. आमच्या चाचणीत मीठबंदरनंतर नऊ टर्नांत निळ्यांची आणखी दोन शहरं गेली, आणि त्या दोन्हींत नवं काहीही घडलेलं नव्हतं. दुसरी अडचण अशी की दाब मुख्यतः डोकी मोजतो. नाट्यगृहं बांधणाऱ्यापेक्षा शेतं वाढवणाऱ्याला शहरं मिळतात. 2019च्या गॅदरिंग स्टॉर्म विस्तारात एलिनॉर ऑफ अक्विटेन ही राज्यकर्ती आली. तिच्या शहरांमधल्या कलाकृतींमुळं जवळच्या परक्या शहरांची निष्ठा घटते, आणि तिच्या ओढीनं सुटलेलं शहर मुक्त न होता थेट तिच्याकडे येतं. कलेची ताकद तिथं खरोखर जाणवते. पण ती एका राज्यकर्तीची खासियत आहे, सगळ्यांचा नियम नाही.

2021च्या ह्यूमनकाइंडमधून आम्ही एकच गोष्ट उचलली, आणि तीच शेवटी कणा ठरली. तिथं तुमचा प्रभाव शेजाऱ्याच्या प्रदेशावर पसरला म्हणून तो प्रदेश आपोआप तुमचा होत नाही. तुम्हाला एक तक्रार मिळते, तिच्या जोरावर मागणी करता येते, आणि ती पुढं रेटायची की सोडून द्यायची हे तुम्ही ठरवता. संस्कृतीनं हक्क सांगण्याची जागा मिळते, ताबा नाही.

नवा नियम

आम्ही एका आकड्याचे तीन तुकडे केले.

पहिला तुकडा वळण. शहराच्या पडद्यावर प्रत्येक नागरिक एका ठिपक्यानं दिसतो. ठिपक्याचा रंग म्हणजे त्याचं रोजचं जगणं कोणाच्या वळणाचं आहे ते. हे हळू बदलतं, एका वेळी एक नागरिक, आणि बदलताना गेम एक ओळ लिहितो. ओळीत कारण असतंच. कारणाशिवाय ठिपका बदलायचाच नाही अशी आम्ही स्वतःला अट घातली. या अटीमुळं कोड दुप्पट झालं. मी ती पुन्हा घालीन.

इथं एक छोटी पण परिणामकारक दुरुस्ती केली. सिव्हिलायझेशन 3 मध्ये संस्कृती साठतच जाते, शिवाय हजार वर्षं जुनी इमारत दुप्पट संस्कृती देते. सुरुवातीला पुढं गेलेला खेळाडू त्यामुळं कायम पुढं राहतो. आम्ही फक्त शेवटच्या 30 टर्नांची संस्कृती धरतो. नाट्यगृह बांधून सोडून दिलं तर तिसाव्या टर्ननंतर त्याच्या नावावर काही उरत नाही. त्यात नाटकांचे प्रयोग चालू ठेवायला खर्च करावा लागतो.

दुसरा तुकडा गाऱ्हाणी. ही शहराची आपल्याच राज्याविरुद्धची यादी: जास्त कर, तुटलेला रस्ता, घरोघरी उतरवलेली फौज, ज्यांच्यात सोयरीक आहे त्यांच्याशीच पुकारलेलं युद्ध, मोडलेलं आश्वासन. प्रत्येक गाऱ्हाण्यावर तारीख असते, म्हणजे टर्नचा क्रमांक. बहुतेक गाऱ्हाणी निवारता येतात. काही फक्त जुनी होतात.

तिसरा तुकडा कौल, म्हणजे अभयाचं आणि सवलतीचं लेखी आश्वासन या जुन्या अर्थानं. शेजाऱ्यानं मीठबंदरला काहीतरी देऊ करायला हवं: बाजार तुमचाच राहील, पंधरा टर्न फौजभरती नाही, बंदराची डागडुजी आम्ही करू. त्यासाठी त्याला आत्ता पैसे मोजावे लागतात आणि शब्द पाळावा लागतो. पाळला नाही तर ते त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं होतं आणि आलेलं शहर परत जाऊ शकतं.

निम्म्याहून जास्त ठिपके परक्या वळणाचे, किमान तीन ताजी गाऱ्हाणी, आणि शेजाऱ्यानं समोर ठेवलेला कौल. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच शहर फुटतं. फासे नाहीत. पण शहर एका झटक्यात जात नाही. आधी कुजबुज, मग सभा, मग मागणी, मग निर्णय अशा चार पायऱ्या चढत जातं, आणि मागणीच्या पायरीला ते आपल्या राज्यकर्त्यासमोर उभं राहून बोलतं.

त्या पायरीला राज्यकर्त्याकडे तीन वाटा असतात. गाऱ्हाणी निवारायची, त्याला पैसा आणि वेळ लागतो. शहराला सनद द्यायची, म्हणजे कारभार त्यांचा ते बघतील, फौज देणार नाहीत, निम्मा कर देतील, पण झेंडा तुमचा राहील. किंवा शिबंदी वाढवून सभा बंद पाडायची. शेवटची वाट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जलद आहे. पाच टर्न सगळं शांत होतं आणि यादीत कधीच न पुसलं जाणारं एक गाऱ्हाणं लिहिलं जातं.

शहर गेलंच तर फौज मरत नाही. ती दोन टर्न गमावून जवळच्या आपल्या शहरात परतते. वेढ्याची यंत्रं मात्र मागं राहतात, कारण ती पाठीवर घेऊन निघता येत नाहीत. आणि नव्यानं आलेलं शहर पंधरा टर्न कोणावरही ओढ टाकत नाही. घसरगुंडी तिथं थांबली.

71व्या टर्नपासून पुन्हा

आता मूळ डावाची सेव्ह फाइल घेतली. तोच निळा खेळाडू, तोच पिवळा खेळाडू.

74व्या टर्नला एक निळा ठिपका पिवळा झाला आणि ओळ उमटली: "मीठबंदरचं मीठ पिवळ्यांच्या बाजारात विकलं जातं. तिकडे रस्ता आहे, इकडे नाही." निळ्या खेळाडूनं नकाशा सरकवून बघितला. खरंच, राजधानीकडून येणारा रस्ता खिंडीपाशी अर्धवट सोडलेला होता. तो त्यानंच 52व्या टर्नला सोडला होता, मजूर किल्ल्याच्या कामाला लावण्यासाठी. मूळ डावातही तो रस्ता अर्धवटच होता. आमचं जुनं सूत्र त्याच्याकडे बघतच नव्हतं.

78व्या टर्नला सभा भरली. यादीत तीन गाऱ्हाणी: रस्ता, फौजेचा मुक्काम, आणि पिवळ्यांशी युद्धाची तयारी. ठिपके पाच पिवळे, तीन निळे. त्याच टर्नला पिवळ्यानं कौल टाकला. निळ्या खेळाडूनं तीनही वाटांवर माउस फिरवून परिणाम वाचले, बराच वेळ गप्प बसला, आणि 80व्या टर्नला सनद दिली. मीठबंदर राहिलं. पण त्याच्या गोदीत आता जहाजं बांधता येईनात, आणि ज्या युद्धासाठी सहा युनिट्स जमवली होती ते पुढं ढकलावं लागलं. त्याला याचं वाईट वाटलं, राग आला नाही. हा फरक मी त्याच्या चेहऱ्यावर बघितला आणि मला कामाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

समाधान फार टिकलं नाही. डाव संपल्यावर पिवळा खेळाडू म्हणाला, "मी चाळीस टर्न नाट्यगृहं चालवली, पाठशाळा बांधल्या, कौलासाठी खजिना मोकळा केला. त्यानं एका क्लिकमध्ये सनद दिली. मला काय मिळालं?"

तो अगदी बरोबर बोलत होता. आम्ही हरणाऱ्याच्या दुःखाचा विचार करता करता जिंकणाऱ्याला विसरलो होतो. पुढच्या सहा चाचणी डावांत एकही शहर फुटलं नाही. सनद म्हणजे सगळ्यावरचं औषध झालं, आणि निळ्याचे दहा भालेकरी जाऊन त्या जागी एक कागद आला, एवढंच.

या टप्प्यावर माझ्या एका मित्राचं मत होतं की सनद महाग करावी. किंमत वाढवून प्रश्न सुटत नाही असं मला वाटत होतं, आणि तसंच झालं: महाग केली तेव्हा ती कोणी देईनाच. मग आम्ही वेगळा विचार केला. शहर एक तर याचं नाहीतर त्याचं, असंच का धरून चालायचं? जर्मनी-डेन्मार्क सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये 1920 साली सार्वमत झालं तेव्हा उत्तरेच्या पट्ट्याची मतं एकत्र मोजली गेली आणि तो पट्टा डेन्मार्कला गेला. पण त्यातल्याच टोंडर शहरात बहुमत जर्मनीच्या बाजूनं होतं. शहर आणि आजूबाजूचा मुलूख यांची ओढ वेगवेगळी असू शकते, आणि झेंडा बदलला म्हणून ती ओढ संपत नाही.

म्हणून सनदी शहराला आम्ही दोन दरवाजे दिले. सनद मिळाली की शेजाऱ्याचा कौल रद्द होत नाही, त्याचं रूप बदलतं. त्याला त्या शहराच्या बाजाराचं काही उत्पन्न मिळतं, शहराच्या परिसरातलं त्याला दिसतं, आणि त्याचे व्यापारी तिथून ये-जा करू शकतात. झेंडा निळा, पेठ निम्मी पिवळी. आणि सनदी शहरावर त्याच्या धन्यानं एकदा जरी जबरदस्तीनं भरती केली तर सनद मोडली असं धरलं जातं आणि शहर थेट मागणीच्या पायरीवर येतं. पिवळ्या खेळाडूला आता खेळायला काहीतरी होतं. तो मुद्दाम सीमेवर असा तणाव ठेवायचा की निळ्याला भरतीचा मोह व्हावा.

मला या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शहर फुटणं हा एक क्षण होता तेव्हा त्यावर दोघांपैकी एकाचंच समाधान होत होतं. ती अनेक टर्न चालणारी ओढाताण झाल्यावर दोघांनाही रोज काहीतरी ठरवावं लागू लागलं.

जे अजून अडलं आहे

संगणकाकडून खेळणारा प्रतिस्पर्धी. त्याला सनद कळत नाही. तो प्रत्येक मागणीला शिबंदी वाढवतो, कारण त्याच्या हिशेबात ते सगळ्यात स्वस्त. पाच टर्न शांतता, मग आणखी एक न पुसणारं गाऱ्हाणं, मग पुन्हा शिबंदी. आम्ही त्याला एक साधा नियम दिला: शहराचं पुढच्या वीस टर्नांचं उत्पन्न आणि तेवढ्याच काळाचा शिबंदीचा खर्च यांची तुलना कर. त्यामुळं तो आता सनदा देतो, पण भलत्या शहरांना, जी कुजबुजीच्या पायरीवर आपोआप शांत झाली असती. यावर काम चालू आहे.

चार खेळाडूंच्या डावात दोन शेजाऱ्यांनी एकाच शहराला कौल दिला तर काय, हाही प्रश्न आहे. सध्या शहर जास्त ठिपके ज्याच्या वळणाचे त्याचा कौल धरतं. हे मला पटत नाही, कारण वळण आणि निष्ठा वेगळी ठेवण्यासाठीच एवढा खटाटोप केला. शहरानं कौलाचे मुद्दे आपल्या गाऱ्हाण्यांशी ताडून बघावेत असं मला हवं आहे: ज्याची रस्त्याची तक्रार आहे त्यानं रस्ता देणाऱ्याकडे जावं. मित्रांचा आक्षेप असा की मग खेळाडूला किती काय वाचावं लागेल. पुढच्या चाचणीत दोन्ही प्रकार समोरासमोर ठेवणार आहोत.

गेल्या आठवड्यात तोच निळा खेळाडू पुन्हा आला आणि नव्या नियमांचा पूर्ण डाव खेळला. 103व्या टर्नला मीठबंदर गेलं. त्याआधी दोन टर्न त्यानं वेढ्याची यंत्रं शहराबाहेर काढून खिंडीकडे हलवली होती, आणि पिवळ्याचा झेंडा चढला तेव्हा त्याची खुर्ची होती तिथंच राहिली. "रस्त्याचे मजूर मी दोनदा किल्ल्याकडे वळवले," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. मग त्यानं उरलेला रस्ता पुरा करायला घेतला, कारण मीठबंदरच्या अलीकडच्या शहरात एक ठिपका नुकताच बदलला होता.